चष्म्याची छोटी दुकानं टिकणार कशी? दुकान ज्याचं त्याचं, खरेदी सगळ्यांची : समजून घ्या सभासदांच्या मालकीचा खरेदी गट

विशेष लेख | तालुका प्रतिनिधी

तालुक्याच्या गावात बसस्टँडपासून बाजारपेठेपर्यंत चालत गेलं तर चष्म्याची दोन-चार दुकानं हमखास दिसतात. एखादं जुनं, वडिलांपासून चालत आलेलं. एखादं बारावीनंतर ऑप्टोमेट्रीचा कोर्स करून आलेल्या पोरानं किंवा पोरीनं कर्ज काढून नव्यानं टाकलेलं. चाळिशी लागली, खताच्या पोत्यावरची बारीक अक्षरं दिसेनाशी झाली, की आपण सगळे तिथंच जातो.

या दुकानांपुढं आता मोठा प्रश्न आहे. साखळी कंपन्यांची चकचकीत दुकानं जिल्ह्याच्या गावात आलीच आहेत, आता मोठ्या तालुक्यांकडं सरकत आहेत. मोबाईलवर फ्रेम निवडली की चष्मा घरपोच येतो. जाहिरात टीव्हीवर, क्रिकेटच्या मॅचमध्ये. अशा वेळी एकटा दुकानदार काय करणार?

हाच प्रश्न ऑस्ट्रेलिया, फ्रान्स, अमेरिकेतल्या छोट्या ऑप्टोमेट्रिस्टांपुढं आणि चष्मेवाल्यांपुढं कितीतरी वर्षं आधी आला. त्यांच्यापैकी अनेकांनी जो मार्ग काढला, तो आपल्या शेतकऱ्याला सांगायला फार वेळ लागणार नाही. त्यांनी एकत्र येऊन खरेदी गट काढले. दुकान ज्याचं त्याच्याकडंच ठेवलं, माल मात्र सगळ्यांनी मिळून घेतला. काही ठिकाणी हे गट उत्तम चालले. एका ठिकाणी सगळं नेटवर्कच काचेच्या कंपनीनं विकत घेतलं. असं का झालं, हे समजून घेणं आपल्या कामाचं आहे.

ऑप्टोमेट्रिस्ट म्हणजे नेमकं कोण?

गावात आपण सगळ्यांनाच 'डोळ्यांचा डॉक्टर' म्हणतो, पण यात तीन वेगळी माणसं आहेत.

मोतीबिंदूचं ऑपरेशन करतो तो नेत्रतज्ज्ञ, म्हणजे एमबीबीएसनंतर डोळ्यांचं पुढचं शिक्षण घेतलेला डॉक्टर. डोळे तपासून नंबर काढणारा, काचबिंदूची किंवा साखरेमुळं पडद्यावर झालेल्या बिघाडाची शंका आली तर पुढं पाठवणारा तो ऑप्टोमेट्रिस्ट. त्यासाठी बारावी सायन्सनंतर पदवीचा चार वर्षांचा कोर्स असतो, डिप्लोमाही असतो. आणि नंबरप्रमाणं काच घासून फ्रेममध्ये बसवून देणारा तो ऑप्टिशियन, आपला चष्मेवाला. छोट्या दुकानात तपासणारा आणि फिटिंग करणारा माणूस बऱ्याचदा एकच असतो.

आपल्या देशात २०२१ साली संसदेनं संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला, त्यात ऑप्टोमेट्रीचाही समावेश आहे. म्हणजे या शिक्षणाला कायद्यात जागा मिळाली. गावाकडची पोरं-पोरी या कोर्सला जाऊ लागली आहेत. शिकून आल्यावर दोनच वाटा उरतात : साखळी कंपनीत पगारावर नोकरी किंवा स्वतःचं दुकान. ज्याला स्वतःचं दुकान टाकायचंय, त्यानं पुढचं नीट वाचावं.

खरी अडचण खरेदीत

दुकानाच्या बोर्डावर 'डोळ्यांची मोफत तपासणी' असं लिहिलेलं आपण बघतो. मोफत म्हटलं तरी तपासणीला वेळ जातो, मशीन लागतं, शिक्षण लागतं. तो खर्च कुठून निघतो? फ्रेम आणि काचेच्या नफ्यातून.

परदेशातही फार वेगळं नाही. ऑस्ट्रेलियात १९७५ पासून ऑप्टोमेट्रिस्टच्या तपासणीचे पैसे सरकारी आरोग्य योजनेतून मिळतात. पण योजनेतल्या ऑप्टोमेट्रिस्टांना ठरलेल्या दरापेक्षा जास्त फी घ्यायला २०१५ पर्यंत मोकळीक नव्हती. २०१५ मध्ये ती मिळाली, पण त्याच वेळी सरकारनं आपला वाटा कमी केला. त्यामुळं तिथंही दुकानाचा गाडा मुख्यतः चष्मा विकूनच चालतो. आणि चष्म्यात किती सुटतात हे माल केवढ्याला मिळाला यावर ठरतं.

आता काचेचा हिशेब बघा. साधा नंबर उणे ४ पासून अधिक ४ पर्यंत धरला आणि प्रत्येक पायरी पावची घेतली, तर शून्य धरून ३३ नंबर होतात. त्यात सिलिंडरचा नंबर, म्हणजे आडव्या-उभ्या रेषा नीट दिसत नाहीत त्यासाठीचा, शून्य ते २ पर्यंत पावच्या पायरीनं धरला तर त्याच्या ९ पायऱ्या. ३३ गुणिले ९ म्हणजे २९७ प्रकार. प्रत्येकाची एक जोडी ठेवायची म्हटली तरी ५९४ काचा. आणि हे झालं एकाच जातीच्या काचेचं. साधी काच, निळा प्रकाश अडवणारी, उन्हात काळी होणारी, पातळ, दूरचं आणि जवळचं दोन्ही दाखवणारी, अशा जाती धरल्या तर आकडा हजारोंवर जातो.

एवढा माल एका छोट्या दुकानात ठेवणं परवडत नाही. म्हणून दुकानदार ऑर्डर आली की घाऊक व्यापाऱ्याकडून एक-एक जोडी मागवतो. एक-एक जोडी घेणाऱ्याला भाव कोण देणार? कुरियरचा खर्च वेगळा. गिऱ्हाईकाला 'परवा या' सांगावं लागतं ते वेगळंच.

शेतकऱ्याला हे नवीन नाही. एक पोतं खत घेणारा आणि एक ट्रक खत घेणारा यांना एकच भाव कधी मिळालाय का?

समोर कोण उभं आहे?

चष्म्याच्या धंद्यात जगातली सगळ्यात मोठी कंपनी म्हणजे एसिलॉरलक्सॉटिका. यातली लक्सॉटिका ही इटलीची, लिओनार्दो देल वेक्किओ यांनी १९६१ मध्ये आगोर्दो या डोंगरातल्या गावात सुरू केलेली. सुरुवात फ्रेमचे सुटे भाग बनवण्यापासून. पुढं रे-बॅन, ओकली असे ब्रँड तिच्या ताब्यात आले. दुसरी एसिलॉर ही फ्रान्सची, काचा बनवणारी. २०१८ मध्ये दोन्ही एक झाल्या.

म्हणजे फ्रेम तिची, काच तिची. दुकानंही तिची : ऑस्ट्रेलियातली ओपीएसएम ही जुनी साखळी लक्सॉटिकानं २००३ मध्येच घेतली होती. ग्रँडव्हिजन ही युरोपातली मोठी साखळी २०२१ मध्ये घेतली. आपल्या रोजच्या भाषेत सांगायचं तर बियाणं, खत, औषध, बाजार समिती आणि किराणा दुकान, सगळं एकाच मालकाचं.

दुसरी मोठी कंपनी स्पेकसेव्हर्स. मेरी आणि डग पर्किन्स या ऑप्टोमेट्रिस्ट नवरा-बायकोनं १९८४ मध्ये इंग्लंडजवळच्या गर्न्सी बेटावर ती सुरू केली. २००८ मध्ये स्पेकसेव्हर्सनं ऑस्ट्रेलियात दुकानं उघडली, आणि बघता बघता देशभर झाली. दुकानात ऑप्टोमेट्रिस्ट भागीदार, पण खरेदी, जाहिरात, हिशेब सगळं कंपनीकडून. दोन चष्मे एका भावात, अशा जाहिराती. एकट्या दुकानदाराला त्या भावात माल विकत घेणंही अवघड, विकणं तर दूरच.

आपल्याकडं टायटनची साखळी २००७ पासून आणि लेन्सकार्ट २०१० पासून आहे. त्यात वाईट काही नाही. गिऱ्हाईकाला स्वस्त आणि पटकन मिळत असेल तर तो जाणारच. मुद्दा एवढाच की मोठ्या साखळीची ताकद तिच्या खरेदीत आहे. ती ताकद छोट्यांनाही मिळवता येते.

ऑस्ट्रेलियातल्या छोट्यांनी काय केलं?

प्रोव्हिजन हे तिथल्या गटाचं नाव. मुख्य कार्यालय मेलबर्न शहरात. देशभरातले ४०० हून जास्त स्वतंत्र दवाखाने याला जोडलेले आहेत. स्वतंत्र ऑप्टोमेट्रिस्टांचं हे तिथलं सगळ्यात मोठं जाळं. या गटाची मालकी सभासद ऑप्टोमेट्रिस्टांचीच आहे. बाहेरचा शेठ नाही.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. सभासदाच्या दुकानावर बोर्ड त्याच्या स्वतःच्याच नावाचा राहतो. गावातल्या लोकांना अमुक डॉक्टरीणबाईंचा दवाखाना म्हणूनच तो माहीत असतो. गट मागं असतो, पुढं दिसत नाही.

अशा गटाचं काम दोन भागात असतं : खरेदी आणि आधार.

खरेदीचा भाग असा चालतो :

१. गट फ्रेम, काचा, कॉन्टॅक्ट लेन्स, मशीन पुरवणाऱ्या कंपन्यांशी सगळ्या सभासदांच्या वतीनं बोलणी करतो. 'आमची इतकी दुकानं आहेत, वर्षाचा माल इतका, भाव सांगा.'

२. ज्यांच्याशी जमलं त्यांची यादी सभासदांना मिळते. माल प्रत्येक जण आपल्या गरजेप्रमाणं मागवतो, थेट आपल्या दुकानात येतो.

३. बऱ्याच गटांत सगळ्या कंपन्यांची बिलं गटाकडं जमा होतात. महिन्याच्या शेवटी सभासदाला एकच बिल. वीस जणांना वीस चेक देण्याऐवजी एक.

४. पुरवठादारालाही हे बरं पडतं. शेकडो दुकानांमागं उधारी मागत फिरायला नको, पैसे एका ठिकाणाहून येतात. म्हणून तो भाव सोडतो.

आधाराचा भाग कमी दिसतो, पण दुकान टिकवण्यात त्याचा वाटा मोठा असतो. नोकर ठेवताना करार कसा करायचा, पगाराचे नियम काय, हे एकट्या ऑप्टोमेट्रिस्टला कुठून कळणार? गटात त्यासाठी माणूस असतो. जाहिरातीचं साहित्य तयार मिळतं. काउंटरवरच्या पोरांना शिकवलं जातं.

सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे आकड्यांची तुलना. सभासद आपले आकडे गटाला देतात. महिन्याला किती डोळे तपासले, त्यातून किती चष्मे झाले, भाडं किती, माल किती पडून आहे. गट कुणाचं नाव न सांगता सरासरी काढून सगळ्यांना देतो. मग दुकानदाराला कळतं, की आपलं भाडं सरासरीच्या दीडपट आहे किंवा फ्रेमांमध्ये पैसा अडकून पडलाय. आपल्याकडं शेजाऱ्याचा एकरी उतारा विचारला तर तो एकतर वाढवून सांगतो, नाहीतर कमी करून. खरे आकडे मिळाले तर शेती सुधारेल की नाही, तुम्हीच सांगा.

आणखी एक काम. म्हातारा झालेला ऑप्टोमेट्रिस्ट दुकान कुणाला देणार? पोरगं दुसऱ्या धंद्यात. मग साखळी कंपनी येते, विकत घेते, बोर्ड बदलतो. गटात नवीन शिकलेल्या मुलांची ओळख होते, जुन्याचं दुकान नव्याच्या हाती जाऊ शकतं.

नफ्याची वाटणी कशी होते?

इथं थोडा हिशेब करू. खालचे आकडे फक्त समजण्यासाठी घेतले आहेत, बाजारातले भाव नव्हेत.

समजा २० दुकानं एकत्र आली. प्रत्येकाला महिन्याला सरासरी ५० फ्रेम लागतात, म्हणजे एकूण १,०००. एकट्यानं घेतली तर फ्रेम ३०० रुपयांना पडते. हजार एकदम घेतल्या तर २४० ला. फ्रेममागं ६० रुपये वाचले, महिन्याला ६०,०००.

आता गटाला एक खोली, एक हिशेबनीस, फोन, कुरियर यांचा खर्च महिन्याला २५,००० धरा. हातात राहिले ३५,०००. हे कसे वाटायचे?

सहकाराचं उत्तर जुनं आहे. १८४४ साली इंग्लंडमधल्या रॉचडेल गावात २८ जणांनी, त्यात बरेचसे विणकर, थोडे-थोडे पैसे घालून आपलं किराणा दुकान काढलं. त्यांनी ठरवलं, की उरलेला नफा ज्यानं जितकी खरेदी केली त्या प्रमाणात परत द्यायचा. भांडवल कुणाचं जास्त, यावर नाही. आपल्या सोसायट्या, संघ यांच्या नियमांत हाच विचार पुढं आला.

त्या हिशेबानं ३५,००० भागिले १,००० फ्रेम म्हणजे फ्रेममागं ३५ रुपये. ज्यानं ८० फ्रेम घेतल्या त्याला २,८००. ज्यानं ३० घेतल्या त्याला १,०५०. ज्यानं गटाकडून काहीच घेतलं नाही त्याला शून्य, मग त्याचा शेअर कितीही मोठा असो.

रक्कम फार मोठी दिसत नाही, हे खरं. पण ही फक्त फ्रेमची झाली. त्यात काचांची बचत मिळवा. आणि २९७ नंबरांचा साठा वीस दुकानांनी मिळून तालुक्याच्या ठिकाणी एकाच खोलीत ठेवला, तर गिऱ्हाईकाला चष्मा परवाच्या ऐवजी संध्याकाळी मिळतो. साखळी दुकानाशी बरोबरी तिथं होते. थेंबे थेंबे तळे साचे ते असं.

फ्रान्समध्ये तर स्वतःचा कारखाना

फ्रान्समधले चष्मेवाले याच वाटेनं आणखी पुढं गेले. तिथं १९६६ मध्ये चष्मेवाल्यांनी सहकारी गट काढला, तो आज क्रीस ग्रुप म्हणून ओळखला जातो. १९६९ मध्ये ऑप्टिक २००० आणि १९७० मध्ये अटोल हे गट सुरू झाले. तिन्ही सहकारी. दुकानाचा मालक तोच गटाचा सभासद, आणि दुकान लहान असो की मोठं, मत एकच.

ऑस्ट्रेलियापेक्षा इथं एक फरक आहे. फ्रान्समधल्या सभासदांनी दुकानावर गटाच्या नावाचाच बोर्ड लावला. त्यामुळं टीव्हीवर जाहिरात एकदा केली की ती देशभरातल्या सगळ्या दुकानांना लागू पडते. गिऱ्हाईकाला ती साखळी कंपनीच वाटते, आत मालक मात्र गावचाच असतो.

क्रीस ग्रुपचा तर पॅरिसच्या पश्चिमेला बाझँव्हिल गावात काचा बनवायचा स्वतःचा कारखाना आहे. म्हणजे माल एकत्र घेणारे पुढं माल एकत्र बनवू लागले. ऊस एकत्र येऊन घालणाऱ्या आपल्या भागातल्या माणसाला यात अशक्य काही वाटू नये.

अमेरिकेत काय झालं? मालकीचा मुद्दा इथं कळतो

अमेरिकेत व्हिजन सोर्स नावाचं जाळं १९९१ मध्ये टेक्सास राज्यात सुरू झालं. कल्पना चांगली होती. स्वतंत्र ऑप्टोमेट्रिस्टांना एकत्र आणायचं, कंपन्यांकडून भाव मिळवायचा, धंद्याचं शिक्षण द्यायचं. हजारो ऑप्टोमेट्रिस्ट जोडले गेले. भाव मिळाले, धंदे वाढले.

पण त्याची रचना फ्रँचायझीची होती. सभासद फी भरून सामील होत. दवाखाना त्यांचा, जाळ्याची मालकी मात्र सगळ्या सभासदांची नव्हती. २०१५ मध्ये ते जाळं एसिलॉरनं विकत घेतलं. तीच एसिलॉर, काचा बनवणारी. तीन वर्षांनी ती लक्सॉटिकाशी एक झाली.

आता विचार करा. काचेचा भाव कमी करून घेण्यासाठी ज्याच्या मागं सगळे उभे राहिले, तोच काच विकणाऱ्याचा झाला. सभासदांचे दवाखाने त्यांच्याकडंच राहिले, सवलतीही बंद पडल्या असं नाही. पण बोलणी करायला टेबलाच्या दोन्ही बाजूंना एकाच घरची माणसं बसली, तर ती बोलणी कसली?

ऑस्ट्रेलिया आणि फ्रान्समधले हे गट सभासदांच्या मालकीचे. त्यांचं पुढं काय करायचं, हे सभासद ठरवतात. उद्या विकायचं म्हटलं तरी त्यांना विचारावं लागतं. म्हणून गटात जाताना पहिला प्रश्न 'सवलत किती' हा असतोच, पण त्याच्या आधी एक प्रश्न विचारावा : 'हा गट कुणाचा आहे?'

गट कुठं मोडतो?

संघ आणि सोसायट्या आपण बघितल्या आहेत, त्यामुळं गोड गोड सांगून उपयोग नाही. खरेदी गट साधारण पाच ठिकाणी मोडतो.

बाहेरून खरेदी. गट भाव पाडून घेऊ लागला की घाऊक व्यापारी दोन-चार सभासदांना हळूच फोन करतो. 'तुम्हाला गटापेक्षा पाच रुपये कमी, फक्त कुणाला सांगू नका.' सभासद गेले की गटाची एकूण ऑर्डर घटते, भाव वाढतो, मग उरलेलेही जातात. गट मोडल्यावर व्यापारी जुन्या भावावर येतो. यावर उपाय म्हणजे खरेदीचा काही ठरावीक हिस्सा गटाकडूनच घ्यायचा नियम, तोही लेखी.

उधारी. एकच बिल ही सोय आहे, तशी जोखीमही आहे. एका सभासदानं पैसे थकवले तर पुरवठादार गटाला धरतो. म्हणजे त्याचं ओझं सगळ्यांच्या डोक्यावर. म्हणून सुरुवातीला अनामत, प्रत्येकाच्या उधारीला मर्यादा आणि मुदत चुकली की माल बंद. नातं, जात, गट-तट काही बघायचं नाही.

कमिशन. कुठल्या कंपनीचा माल घ्यायचा हे जो ठरवतो, त्याच्याकडं कंपनीचा माणूस मिठाई घेऊन येणारच. पुरवठादाराकडून मिळालेली प्रत्येक सूट, प्रत्येक बक्षीस गटाच्या खात्यावर जमा झालं पाहिजे आणि वार्षिक सभेत वाचून दाखवलं पाहिजे.

पडून राहिलेला माल. स्वस्त मिळतंय म्हणून हजार फ्रेम उचलल्या, फॅशन बदलली, की त्या तशाच राहतात. कांद्याचा भाव बघून चाळ भरणाऱ्याला हे सांगायला नको. ऑर्डर सभासदांची मागणी लेखी घेऊनच द्यावी.

विक्रीचा भाव एकत्र ठरवणं. हे फार महत्त्वाचं. एकत्र खरेदी करणं वेगळं आणि 'आपण सगळ्यांनी चष्मा अमुक रुपयांच्या खाली विकायचा नाही' असं ठरवणं वेगळं. दुसरी गोष्ट गिऱ्हाईकाची लूट आहे आणि आपल्याकडं २००२ च्या स्पर्धा कायद्यात ती बसत नाही. ऑस्ट्रेलियातही हीच काळजी घेतली जाते. तिथं २०२१ पासून छोट्या व्यावसायिकांना पुरवठादाराशी एकत्र बोलणी करायला सवलत दिली आहे, पण आपापसात विक्रीचा भाव बांधायला नाही. खरेदी एकत्र, विक्रीचा भाव ज्याचा त्याचा.

आपल्याकडं करायचं तर कसं?

कुणाला वाटेल, शेतकरी उत्पादक कंपनी काढतो तशीच कंपनी काढू. तसं जमणार नाही. उत्पादक कंपनीचा कायदा शेती, पशुपालन, मासेमारी, हातमाग, हस्तकला अशा प्राथमिक उत्पादकांसाठी आहे. चष्म्याचा दुकानदार त्यात बसत नाही.

सहकारी संस्था मात्र काढता येते. महाराष्ट्र सहकारी संस्था कायदा १९६० चा. वेगवेगळ्या कुटुंबांतले किमान १० जण लागतात. त्यातल्या काही गोष्टी ध्यानात ठेवण्यासारख्या आहेत :

• एका सभासदाला एक मत, शेअर कितीही असले तरी.
• शेअरवरचा लाभांश १५ टक्क्यांपेक्षा जास्त देता येत नाही. म्हणजे फक्त पैसे गुंतवून बसणाऱ्याला त्यात फार रस राहत नाही, माल घेणाऱ्याला राहतो.
• नफ्यातला ठरावीक भाग राखीव निधीत टाकावा लागतो.
• दरवर्षी लेखापरीक्षण आणि सर्वसाधारण सभा घ्यावी लागते.

नोंदणीची चौकशी तालुक्याच्या सहायक निबंधक कार्यालयात करावी. जीएसटी आणि हिशेबासाठी जाणकार सनदी लेखापालाचा सल्ला आधीच घ्यावा, नंतर नव्हे.

दहा दुकानदारांनी पहिल्या दिवशी मोठा बोर्ड लावण्यापेक्षा एका वस्तूपासून सुरुवात केलेली बरी. ज्या काचा रोज लागतात, ज्यांचा नंबर सगळीकडं सारखाच चालतो, त्या सहा महिने एकत्र मागवून बघाव्यात. पैसे वेळेवर येतात का, कोण बाहेरून घेतो, हिशेब जुळतो का, सगळं कळून येईल. फ्रेममध्ये आवडीनिवडी येतात, म्हणून ती नंतर. मशीन सगळ्यात शेवटी.

गिऱ्हाईक म्हणून आपल्याला काय?

कुणी विचारेल, दुकानदारांनी एकत्र यावं न यावं, आपल्याला काय करायचंय?

करायचंय. डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी आपण जिल्ह्याला जातो, पण डोळ्यात काही बिघडतंय हे पहिल्यांदा कळतं ते नंबर काढायला गेल्यावर. काचबिंदू सुरुवातीला दुखत नाही, दिसणं बाजूनं हळूहळू कमी होत जातं. साखरेच्या पेशंटचा पडदा खराब होतो तेव्हाही आधी काही जाणवत नाही. हे ओळखू शकणारा, शिकलेला माणूस आपल्या तालुक्यात बसलेला असणं ही मोठी सोय आहे. तो दुकान बंद करून पुण्याला नोकरीला गेला, तर मोबाईलवर मागवलेला चष्मा घरी येईल, पण डोळ्यात डोकावून बघणारं कुणी राहणार नाही.

आपणही दोन गोष्टी करू शकतो. तपासणी झाल्यावर नंबरचा कागद मागून घ्या आणि जपून ठेवा, पुढच्या वेळी तुलना करता येते. आणि चाळिशी ओलांडली असेल किंवा साखर, बीपी असेल, तर बाजारातला तयार चष्मा डोळ्याला लावून 'दिसतंय की' म्हणत गप्प बसू नका. वर्षातून एकदा नीट तपासून घ्या. ग्रामीण रुग्णालयात नेत्र चिकित्सा अधिकारी असतात, तिथंही तपासणी होते.

थोडक्यात

गाव करील ते राव काय करील, ही म्हण आपल्याच मातीतली. मोठ्या कंपनीशी भांडून छोटा दुकानदार जिंकणार नाही. तिच्यासारखी खरेदी केली, आणि तिच्याकडं नसलेली गोष्ट, म्हणजे गिऱ्हाईकाची पिढ्यांची ओळख, सांभाळली तर टिकेल. त्यासाठी गट पाहिजे, गटाला शिस्त पाहिजे आणि गटाची चावी सभासदांच्याच खिशात पाहिजे.

तुमच्या घरातलं कुणी ऑप्टोमेट्री शिकत असेल किंवा ओळखीच्या कुणाचं चष्म्याचं दुकान असेल, तर हा लेख त्यांना जरूर पाठवा. दहा जण जमायला तालुका पुरेसा आहे, नाही जमलं तर शेजारचा तालुका आहेच.